वरचा आकडा, खालचा आकडा: ताठर धमन्यांची तपासणी सोलापुरात कितीला पडते?

बीपीच्या यंत्रावर १६८/७२ असं आलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "वरचा जरा वाढलाय." आणि पाठोपाठ दुसरं, "पण खालचा चांगलाय ना, मग काळजी नाही." साठी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत हे दुसरं वाक्य फसवं आहे. वरचा आकडा चढत जातो आणि खालचा उतरत जातो, तेव्हा हृदयातून निघणारी मुख्य धमनी ताठ होत चालली असण्याची शक्यता मोठी असते. हृदयविकाराचा झटका आणि लकवा या दोन्हींच्या वाटेवरची ही खूण आहे. ती ओळखायला दंडाला बांधायचा पट्टा पुरतो.

हे आधीच सांगतो, कारण अलीकडे "धमन्यांचं वय", "व्हॅस्क्युलर स्क्रीनिंग", "संपूर्ण हार्ट पॅकेज" अशा नावांनी तपासण्या विकल्या जातात. त्यांतल्या काही शास्त्रीय आहेत. पण त्या करून उपचार बदलतो असे रुग्ण थोडे असतात. विडी वळणाऱ्या बाईपासून निवृत्त शिक्षकापर्यंत, सोलापुरातल्या साध्या कुटुंबाने वर्षाला पाच-सहा हजार रुपये यासाठी बाजूला काढले, तर ते एक चांगलं यंत्र, रोजच्या गोळ्या आणि मोजक्या रक्त-लघवीच्या तपासण्यांवर जावेत, असं माझं ठाम मत आहे. पुढचे दर शहरातल्या खासगी लॅब, दवाखाने आणि दुकानांत साधारण चालतात तसे, अंदाजाने दिले आहेत. प्रत्येक ठिकाणी फरक पडतो, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा.

धमनी ताठ होते म्हणजे काय होतं

हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. तरुण माणसाची महाधमनी त्या वेळी फुगते, त्यातलं बरंचसं रक्त क्षणभर धरून ठेवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात हळूहळू पुढे सोडते. म्हणून मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त धक्क्याधक्क्याने न मिळता बऱ्यापैकी सलग मिळतं. वय, वाढलेलं बीपी, मधुमेह, तंबाखू आणि मूत्रपिंडाचे आजार यांनी धमनीच्या भिंतीतले लवचीक तंतू तुटतात, त्यांची जागा कठीण तंतू घेतात, कुठे कॅल्शियम साठतं. मग धमनी फुगत नाही. हृदयाने दिलेला धक्का तसाच पुढे जातो आणि वरचा आकडा चढतो. मधल्या काळात सोडायला साठाच नसल्यामुळे खालचा आकडा घसरतो.

इथे दोन नुकसानं एकदम होतात. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मध्ये, म्हणजे खालच्या दाबावर. काम वाढतं आणि त्याच वेळी पुरवठ्याचा जोर कमी होतो. दुसरीकडे मेंदू आणि मूत्रपिंडांतल्या बारीक वाहिन्यांवर प्रत्येक ठोक्याचा मार बसतो. हा मार वर्षानुवर्षं चालतो आणि दुखत काहीच नाही.

या धक्क्याची लाट धमनीतून किती वेगाने धावते, ते मोजता येतं. तरुणपणी महाधमनीत हा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो. मान आणि जांघ या दोन ठिकाणी नाडी टिपून मोजलेला वेग १० मीटरच्या वर गेला, तर युरोपातले तज्ज्ञ तो धोक्याचा मानतात. २०१० साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हा वेग सेकंदाला एक मीटरने वाढला की हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शास्त्र पक्कं आहे. आपल्याला विचारायचंय ते इतकंच, की हा आकडा हातात आल्यावर डॉक्टर वेगळं काय करणार?

बहुतेक वेळा वेगळं काहीच नाही. फक्त ताठरपणा उतरवणारी खास गोळी अजून आलेली नाही. उपचार तोच: बीपी ताब्यात, साखर ताब्यात, तंबाखू बंद, मीठ कमी, चालणं, आणि गरज असेल तर कोलेस्टेरॉलची गोळी.

घरचं यंत्र: इथे पैसे खर्च करा

दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र दीड ते तीन हजारांत मिळतं आणि नीट वापरलं तर चार-पाच वर्षं सहज टिकतं. मनगटावरचं घेऊ नका. हाताची उंची जरा बदलली तरी त्याचा आकडा बदलतो. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: या मॉडेलची अचूकता शास्त्रीय पद्धतीने पडताळली आहे का, आणि पट्टा दंडाला बसतो का. दंडाचा घेर घरून मोजून जा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं, आणि नको ती गोळी वाढते. घेतल्यावर ते यंत्र एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून बघा. त्याचे पैसे सहसा कुणी घेत नाही.

मोजण्याची पद्धत यंत्राच्या किमतीहून महत्त्वाची आहे. आधीचा अर्धा तास चहा, विडी, मिशरी, तंबाखू काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून पाच मिनिटं शांत बसा. दंड छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवा. गप्पा नकोत, मोबाइल नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. असं सात दिवस करा, पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे बीपी वाढलेलं. पहिल्यांदा मोजताना दोन्ही दंडांवर मोजा. फरक कायम १५ च्या आसपास किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

आता वहीत तिसरा रकाना करा: वरचा वजा खालचा. १२८/८० असेल तर ४८. १६८/७२ असेल तर ९६. साठीच्या पुढे हा फरक सतत ६० किंवा जास्त असेल, तर धमन्या ताठ झाल्याची ती खूण समजतात. अर्थात पंडुरोग, थायरॉइडचा बिघाड, हृदयाच्या झडपेचा दोष यांतही तो वाढतो, म्हणून निष्कर्ष डॉक्टरांनीच काढायचा. पण ही वही घेऊन गेलात तर पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांच्या हाती जे येतं, ते हजार रुपयांच्या पॅकेजमधूनही येत नाही.

"खालचा चांगलाय" या समजुतीला उत्तर जुनं आहे. अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४,७३६ जणांवर झालेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचा वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त आणि खालचा ९० च्या आत होता. क्लोरथॅलिडोन ही पाण्याची स्वस्त गोळी मुख्य धरून उपचार केले, तेव्हा लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. ती गोळी आजही मिळते आणि आजही स्वस्त आहे.

मोठ्या तपासण्या: कुणी कराव्यात, कुणी नाही

बीपी वाढल्याचं ठरलं की पहिल्या फेरीत ईसीजी (दीडशे ते चारशे रुपये), साखर किंवा एचबीए१सी (एचबीए१सी तीनशे ते सहाशे), कोलेस्टेरॉलचा लिपिड प्रोफाइल (तीनशे ते आठशे), क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम (मिळून चारशे ते सातशे), लघवीतलं अल्ब्युमिन (तीनशे ते सहाशे) एवढं पुरे. लघवीची तपासणी बहुतेक पॅकेजांत नसते. तीच आवर्जून मागा. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांना मार बसू लागला की पहिली खूण तिथे उमटते. ईसीजीचा आणखी एक उपयोग असतो. ठोके अनियमित पडत असतील तर हृदयात गुठळी होऊन लकव्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, त्याची औषधं वेगळी असतात, आणि ते या साध्या कागदावर कळतं.

इको साधारण बाराशे ते अडीच हजारांना पडतो. ईसीजीत हृदयाची भिंत जाड झाल्याची शंका असेल, दम लागत असेल किंवा झडपेचा आवाज ऐकू येत असेल तर तो करा. नुसतं "करून टाकू" म्हणून नको. दवाखान्यात बीपी जास्त आणि घरी कमी, किंवा त्याच्या उलट, असा घोळ असेल तर दंडाला चोवीस तास बांधून ठेवायचं यंत्र उपयोगी पडतं. त्याला हजार ते अडीच हजार लागतात, आणि रात्री बीपी उतरतं की नाही ते फक्त त्यातच कळतं. या सगळ्यांत मला हा खर्च सर्वांत सार्थ वाटतो.

मानेच्या धमन्यांचा डॉप्लर दीड ते तीन हजार. क्षणभर हात लुळा पडून परत आला, एका डोळ्यापुढे पडदा येऊन गेला, बोलणं अडखळून परत सुधारलं, असं काही झालं असेल तर तो तातडीने हवा, आणि त्याआधी डॉक्टर हवेत. काहीही त्रास नसलेल्या माणसाने शिबिरात मानेचा डॉप्लर करू नये. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये तशी शिफारस पुन्हा केली, कारण त्यातून नाहक पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांचा धोका मागे लागतो.

राहिली ती ताठरपणा मोजणारी यंत्रं. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधून लाटेचा वेग मोजणारी यंत्रं काही दवाखान्यांत आणि शिबिरांत असतात. पाचशे ते दोन हजार घेतात. केलीच असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दंड ते घोटा असा मोजलेला वेग मान ते जांघ या मोजणीपेक्षा नेहमीच जास्त येतो. जपानी तज्ज्ञ त्यासाठी सेकंदाला १८ मीटर ही धोक्याची रेषा धरतात. रिपोर्टवर ते १८०० सेंटिमीटर असंही लिहिलेलं असतं. म्हणून रिपोर्टवर १४ दिसलं आणि मोबाइलवर १० ची मर्यादा वाचली, तर घाबरून रात्र काढू नका. मोजण्याच्या जागा वेगळ्या आहेत. शिवाय त्या क्षणी बीपी जास्त असेल तर वेगही जास्त येतो. मधुमेह आहे आणि चालताना पोटऱ्या भरून येतात, अशा माणसाला मात्र याच बैठकीत निघणारं घोटा आणि दंड यांच्या दाबाचं गुणोत्तर खरंच उपयोगी ठरतं.

"धमन्या धुऊन काढतो", "बिना ऑपरेशन ब्लॉकेज विरघळवतो" अशा जाहिराती दिसतात. शिरेतून द्यायच्या चिलेशनच्या बाटल्यांचा मधुमेह असलेल्या आणि आधी झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: फायदा नाही. पायांना पट्टे बांधून करायचे ईईसीपीचे साधारण ३५ तासांचे उपचार, औषधं आणि शस्त्रक्रिया दोन्ही करूनही छातीत दुखणाऱ्या काही मोजक्या रुग्णांना आराम देतात. ब्लॉकेज त्यांनी जात नाही. या दोन्हींवर माणसं हजारो, कधी लाखभर रुपये घालतात आणि त्याच काळात रोजची गोळी सोडतात. हे पाहून वाईट वाटतं, कारण घातलेला पैसा बहुतेकदा कर्जाचा असतो.

गोळ्या

बीपीसाठी सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. जोडीला अनेकांना ॲटोरव्हास्टॅटिन. जनऔषधी केंद्रात यांची दहा गोळ्यांची पट्टी साधारण पाच ते पंधरा रुपयांना पडते. तिन्ही-चारही गोळ्या चालू असल्या तरी महिन्याचा खर्च शंभर ते दीडशे. नामांकित ब्रँड घेतला तर तोच खर्च पाचशे-साडेसहाशेच्या घरात जातो, आणि त्यातही नियंत्रित किमती आहेत म्हणून तेवढ्यावर थांबतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीच्या पट्ट्या कपाटात असतील तर दुकानदाराला नवीन दर विचारा.

जनऔषधीकडे जाताना चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा. संकोच करू नका. एका गोळीत दोन औषधं असलेली पट्टी तिथे नसेल तर दोन वेगळ्या गोळ्या चालतील का, तेही त्यांनाच विचारा. मनाने अदलाबदल नको.

यापुढचं कळकळीने सांगतो. बीपी "नॉर्मल आलं" म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महाग पडणारी बचत आहे. आकडा गोळीमुळे खाली आलेला असतो. महिन्याचे दीडशे रुपये वाचतात, आणि लकव्याने घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला एका खेपेचे तीनशे ते सहाशे, रात्रंदिवस माणूस ठेवायचा तर त्याची मजुरी वेगळी, आणि सूत-माग, विडी, शेती, जे काही असेल ते काम बंद. त्यातही माणूस ठेवणं परवडत नाही म्हणून सांभाळायला घरातली सून किंवा मुलगी काम सोडते, तिची बुडालेली मजुरी कुठल्याच बिलात येत नाही.

सोलापूरचा उन्हाळा मात्र लक्षात घ्यायला हवा. एप्रिल-मेत पारा ४२-४३ वर जातो, घाम वाहतो, आणि पाण्याची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उठताना चक्कर येते. तेव्हा बसून आणि उठून उभं राहिल्यावर, असं दोनदा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त घसरत असेल, किंवा खालचा सतत ६० च्या आत असेल, तर डॉक्टरांना फोन करा. मात्रा तेच कमी करतील. आषाढीला पायी निघणाऱ्यांनी पूर्ण दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत पिशवीत ठेवावी. उपवासाच्या दिवशीही बीपीची गोळी घ्यायची असते. साखरेच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना आधी विचारा.

ताटातलं मीठ आणि खिशातली विडी

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ सांगते. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर लोणचं आणि पापड असा आपला बेत असेल तर तो चमचा दुपारच्या जेवणातच संपतो. शेंगाचटणी सोडा असं मी म्हणणार नाही. शेंगदाणा चांगला आहे. चटणी घरी कुटा आणि मीठ निम्मं घाला. विकतच्या चटणीत मीठ किती, ते आपल्या हातात नसतं.

कमी सोडियमचं, पोटॅशियम मिसळलेलं मीठ साध्या मिठाच्या दीड-दोन पट दराने मिळतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) अशा मिठाने लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. महिन्याला वीस-तीस रुपये जास्त देऊन एवढं मिळत असेल तर सौदा उत्तम आहे. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर आधी पोटॅशियम तपासून डॉक्टरांची परवानगी घ्या. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

तंबाखूबद्दल या शहरात बोलणं अवघड आहे. हजारो बायकांचं घर विड्या वळून चालतं. तरीही ओढलेली विडी, लावलेली मिशरी आणि खाल्लेली तंबाखू यांतलं काहीच धमन्यांवर दया करत नाही. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं. चालायला सिद्धेश्वर तलावाचा परिसर आणि कंबर तलाव आहेत. पैसे लागत नाहीत.

कुठे जायचं आणि योजना कशाला पैसे देते

तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत तपासतात आणि साध्या गोळ्याही तिथेच मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणजे पंढरपूर, करमाळ्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं, वैद्यकीय शिक्षण विभागाखालचं. तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांना ठरीव, पण खासगीपेक्षा बरेच कमी पैसे पडतात. पण वेळ लागतो. सकाळी लवकर जा, वही आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या.

कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरं कामगारांना मिळाली. तिथल्या कुटुंबांना कुंभारीतच अश्विनी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाचे दर सहसा कमी असतात. गिरणी-कारखान्यात कामाला असाल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर कामगार विम्यातून तपासणी आणि गोळ्या दोन्ही मिळतात. पगारातून वर्गणी कापली जाते आणि दवाखान्यात मात्र कुणी जात नाही, असं फार होतं. खासगीत फिजिशियनची फी तीनशे ते सहाशे, हृदयरोगतज्ज्ञांची सहाशे ते हजार. बीपी स्थिर असेल तर वर्षातून तीन-चार भेटी फिजिशियनकडे पुरतात.

गावाहून येणाऱ्यांनी एसटीचा हिशेब धरावा. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. आधार कार्ड बरोबर ठेवा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेशी या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आता ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. वयाची सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पण नीट समजून घ्या: ही योजना दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांना पैसे देते. रोजची गोळी, घरचं यंत्र, वर्षाची तपासणी यांना नाही. अँजिओप्लास्टी फुकट होते आणि ती टाळणारी गोळी खिशातून घ्यावी लागते, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत आरोग्य केंद्र आणि जनऔषधी हेच आधार.

अँजिओप्लास्टीची वेळ आलीच, तर रुग्णालय योजनेत आहे का आणि आरोग्यमित्र कुठे बसतो, हे पैसे भरण्याआधी विचारा. योजनेचा क्रमांक १५५३८८. योजनेत घेऊन वर पैसे मागितले तर तिथेच तक्रार करा. खासगीत एका स्टेंटसह खर्च दीड ते अडीच लाखांच्या आसपास जातो. यात स्टेंटची किंमत कायद्याने बांधलेली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. दरवर्षीच्या वाढीने ती आता अडतीस-एकोणचाळीस हजारांवर आहे, कर वेगळा. बिलात स्टेंट वेगळा दाखवून मागा, त्याचं स्टिकर फाइलला लावून घ्या. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक आहे. ती दिसत नसेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येतं.

लकव्याच्या बाबतीत पैशाआधी घड्याळ बघा. चेहरा एका बाजूला ओढला, एक हात गळून पडला, बोलणं अडखळलं, की माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. तो खासगीत दोन ते साडेतीन हजारांना पडतो. अक्कलकोटहून सोलापूर ४० किलोमीटर, पंढरपूरहून ७० च्या पुढे. जवळच्या ज्या दवाखान्यात सीटी नाही तिथे थांबून सलाइन लावण्यात हे तास जातात. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. जिभेखाली बीपीची गोळी तर मुळीच नको. झपाट्याने बीपी पाडलं तर मेंदूचं नुकसान वाढतं. ॲस्पिरिनही स्कॅननंतरच, कारण रक्तस्राव आहे की गुठळी, हे त्याशिवाय कळत नाही. घरात बीपीचा माणूस असेल तर आजच दोन रुग्णालयांना फोन करून विचारून ठेवा: रात्री सीटी चालू असतो का, आणि हे इंजेक्शन तुमच्याकडे देतात का?

विमा काढणाऱ्यांनी बीपी लपवू नये. २०२४ च्या नियमांनी आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची केली आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. अर्जात बीपी लिहिलं तर हप्ता थोडा वाढेल. लिहिलं नाही तर नेमक्या झटक्याच्या वेळी, जुन्या चिठ्ठ्या बघून कंपनी दावा नाकारू शकते.